माहितीपत्रक दिलं, पुढे काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा विषय निघाला की आरोग्यक्षेत्रातल्या माणसांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "सांगून सांगून दमलो, पण बायका येतच नाहीत." मग कारणांची यादी येते. अज्ञान, लाज, अंगावर काढायची सवय. उपाय म्हणून जनजागृती ठरते. फलक लागतात, पत्रकं वाटली जातात, एखादं व्याख्यान होतं. पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

मला ही तक्रार मान्य नाही. न येणाऱ्या बाईच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, ते भरलं की ती चालत येईल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. अर्जेंटिनातल्या हुहुई प्रांतात २०१२ साली झालेल्या एका अभ्यासाने या गृहीतकाला चांगलाच धक्का दिला. आरोग्यसेविका तीस वर्षं आणि त्यापुढच्या स्त्रियांच्या घरी गेल्या. काही सेविकांनी नेहमीप्रमाणे दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या गटातल्या सेविकांनी एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, चाचणीचा नमुना घरच्या घरी, स्वतःच्या हाताने कसा घ्यायचा ते समजावलं आणि किट हातात दिलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या २० टक्के स्त्रियांची तपासणी झाली होती, दुसऱ्या गटातल्या ८६ टक्के. प्रांत तोच, बायका तशाच, घरी येऊन सांगणंही दोन्हीकडे होतं. पहिल्या गटातल्या बाईला पुढचं सगळं स्वतः जुळवून आणायचं होतं : वेळ काढणं, प्रवास, रांग, अनोळखी माणसासमोर कपडे काढणं. दुसऱ्या गटातल्या बाईला जे करायचं होतं ते तिच्या हातात होतं.

इंग्लंडचं उदाहरणही असंच बोलकं आहे. तिथे पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या तपासणं, १९६० च्या दशकापासून होत होती, पण तिला व्यवस्था नव्हती. १९८८ साली प्रत्येक स्त्रीची नोंद ठेवून तिला पत्र पाठवायला सुरुवात झाली, आणि थोड्याच काळात डॉक्टरांचं मानधनही तपासणीच्या प्रमाणाशी जोडलं गेलं. १९८८ मध्ये ४२ टक्के असलेलं तपासणीचं प्रमाण १९९४ मध्ये ८५ टक्क्यांवर गेलं. सहा वर्षांत तिथल्या बायकांचं ज्ञान दुप्पट झालं नव्हतं. त्यांच्या नावाने बोलावणं येऊ लागलं होतं.

मग आरोग्यशिक्षणाला काही अर्थच नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. पण आज त्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतं आणि फार लवकर संपतं. ते बाईच्या मनातल्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवं आणि तिच्या हातात अहवाल, गरज असेल तर उपचार, पडल्याशिवाय संपलं असं कुणी म्हणू नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्टच बहुतेक पत्रकांत नीट सांगितलेली नसते. बाईला वाटतं, ही कर्करोग शोधायची तपासणी. म्हणजे गेलो तर कर्करोग निघणार, न गेलो तर निदान कळणार तरी नाही. या भीतीला अडाणीपणा म्हणणं अन्याय आहे. जे तिला सांगितलं गेलं त्यावरून तिने काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. ह्या तपासणीचं मुख्य काम कर्करोग होण्याआधीची अवस्था पकडणं हे आहे. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हे हॅराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकींचं शरीर तो वर्षा-दोन वर्षांत स्वतःच घालवून टाकतं. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर पाच ते दहा. इतका सवड देणारा कर्करोग विरळाच.

ही सवड काय किमतीची आहे, हे जगाला एका अत्यंत दुःखद प्रकरणातून कळलं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकापासून हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांनी पूर्वावस्थेतल्या कित्येक स्त्रियांवर पुरेसे उपचारच केले नाहीत. हे बदल कर्करोगाकडे जातात यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्त्रियांना यातलं काही सांगितलं नव्हतं. १९८७-८८ मध्ये न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी या प्रकरणाची चौकशी केली. पुढे २००८ साली जुन्या नोंदी तपासून प्रसिद्ध झालेला हिशेब असा : उपचार अपुरे राहिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्यावर वेळेवर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी होतं. तपासणीच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आणि स्त्रीला तिच्या शरीराबद्दल अंधारात ठेवण्याविरुद्धही.

दुसरी गोष्ट लक्षणांची. "मला काही त्रास नाही, मग कशाला?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. इथे आपली पत्रकं स्वतःच घोळ घालतात. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वास येणारा स्राव, अशी लक्षणं मोठ्या अक्षरांत छापलेली असतात आणि खाली लिहिलेलं असतं, तपासणी करून घ्या. वाचणारी मनाशी म्हणते, यातलं मला काहीच नाही, सुटले. ही लक्षणं असतील तर तिने तपासणी मोहिमेची वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे जायला हवं. मोहीम असते ती ज्यांना काहीही होत नाही त्यांच्यासाठी, कारण पूर्वावस्थेत काहीही होत नाही. लक्षणं आणि तपासणी या दोन गोष्टी एकाच पत्रकात, एकाच दमात सांगणं थांबवलं तरी बरंच काम होईल.

भीती घालून माणसं हलतात, हे मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये टीव्हीमुळे घराघरांत पोचलेली जेड गुडी मार्च २००९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी या कर्करोगाने गेली. तिचा आजार जाहीर झाल्यापासूनच्या काळात इंग्लंडमध्ये तपासणीला एरवीपेक्षा चार लाखांहून जास्त स्त्रिया आल्या. पण ती लाट ओसरली आणि पुढच्या वर्षांत प्रमाण पुन्हा घसरत गेलं. भीतीला रोज नवं कारण लागतं. शिवाय भीती माणसाला दोन्ही दिशांना पळवते, आणि दवाखान्यापासून दूर पळालेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

बाईच्या मनातले प्रश्न फार साधे असतात. दुखेल का? किती वेळ लागेल? तपासणारी बाई असेल की पुरुष? आत काय घालतात? पाळी चालू असेल तर चालेल का? या प्रश्नांची उत्तरं देणारं पत्रक शोधून सापडत नाही. विषाणूचं रंगीत चित्र मात्र सापडतं. म्हणून ही उत्तरं इथेच देतो. आतून तपासणी करताना योनीमार्ग उघडा ठेवायला स्पेक्युलम नावाचं उपकरण हळूच घालतात, गर्भाशयाचं तोंड दिसलं की मऊ ब्रशने तिथल्या पेशींचा नमुना घेतात. सगळं मिळून काही मिनिटं. बहुतेकींना दाब जाणवतो, काहींना थोडं दुखतं. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे जास्त दुखू शकतं, आणि तसं आधी सांगितलं तर लहान आकाराचं उपकरण वापरता येतं. पाळी चालू असताना तपासणी बहुधा पुढे ढकलतात. स्त्री कर्मचारी मागणं, सोबत कुणाला घेणं, मध्येच "थांबा" म्हणणं, हा तिचा हक्क आहे. आणखी एक पद्धत आहे : गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचं आणि मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. बदललेला भाग पांढुरका दिसतो. आणि एचपीव्ही चाचणीसाठी तर कापसाच्या काडीसारखी मऊ काडी वापरून नमुना स्वतःही घेता येतो. योग्य प्रकारची चाचणी वापरली तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय तपासणीला पात्र असलेल्या सगळ्यांना खुला केला. संकोच हे बाई न येण्याचं कारण असेल तर संकोच बाजूला ठेवा असा उपदेश करत बसण्यापेक्षा संकोच वाटणार नाही अशी पद्धत देणं केव्हाही शहाणपणाचं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे सांगायचं की नाही?

अनेक कार्यकर्त्या हे सांगणं टाळतात, आणि त्यामागची काळजी खरी आहे. सांगितलं की बाईच्या मनात पहिला विचार नवऱ्याबद्दलच्या संशयाचा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याच्या मनात तिच्याबद्दलच्या संशयाचा. तपासणीला जाणं म्हणजे चारित्र्याची परीक्षा द्यायला जाणं, असं होऊन बसतं. तरीही सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. लपवलं तर ती गोष्ट तिला दुसरीकडून कळेल, अर्धवट कळेल, आणि बहुधा अहवाल 'पॉझिटिव्ह' आल्यावर, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी कळेल. तेव्हा तिच्या बाजूने बोलायला कुणी नसेल.

सांगण्याचा क्रम मात्र फार महत्त्वाचा. आधी सांगावं की हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी तरी लागतोच, एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्यांनाही. मग सांगावं की तो वर्षानुवर्षं काही न दाखवता शरीरात राहू शकतो, त्यामुळे आज सापडला म्हणजे आज लागला असं नाही, आणि कुणामुळे, कधी, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. मग सांगावं की 'पॉझिटिव्ह' म्हणजे कर्करोग नव्हे, पुढे एकदा नीट पाहायची गरज आहे एवढंच. या तीन गोष्टी आधी कानावर पडल्या असतील तर तो कागद हातात आल्यावर घर मोडत नाही. आणि हेच सगळं नवऱ्यालाही सांगायला हवं, तेही मोघमपणे नाही. पूर्वावस्थेवरच्या उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव होतो आणि साधारण महिनाभर संबंध टाळायला सांगतात. ज्या घरात नवऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, त्या घरात हा सल्ला पाळणं एकट्या बाईच्या हातात राहत नाही.

याच चुप्पीचा आणखी एक परिणाम होतो, तो वयस्क आणि एकट्या स्त्रियांवर. पाळी गेली, नवरा गेला, कित्येक वर्षांत संबंध नाही, मग माझा काय संबंध, असं त्यांना वाटतं. विषाणू वीस वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो, एवढी एक ओळ कुणी सांगितली असती तर त्या स्वतःहून आल्या असत्या.

कुणाकुणाला यायची गरज नाही, हेही शिक्षणात यायला हवं, आणि ते जवळपास कधीच येत नाही. अगदी तरुण मुलींमध्ये संसर्ग खूप असतो आणि बहुतेक आपोआप जातो. त्यांना तपासत बसलं तर नको ते उपचार होतात, आणि गर्भाशयमुखाचा भाग काढून टाकणाऱ्या उपचारांनी पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूतीचा धोका काहीसा वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण स्त्रियांना वयाच्या तिसाव्या वर्षापासून, एचपीव्ही चाचणी असेल तर पाच ते दहा वर्षांनी एकदा, असं सांगते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सहा पट, त्यांनी पंचविसाव्या वर्षापासून आणि तीन ते पाच वर्षांनी. दरवर्षी यायची गरज नाही हे ऐकूनच कित्येकींचा अर्धा विरोध मावळेल. एचपीव्हीविरोधी लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी करायची असते, कारण लस कर्करोगाला कारणीभूत असलेल्या सगळ्याच प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही.

आणि तपासणी चुकू शकते, हे? तेही सांगावं. आयर्लंडमध्ये २०१८ साली व्हिकी फेलन या स्त्रीने न्यायालयात लढून जी गोष्ट उघड केली तिने तो देश हादरला. २०११ मधली तिची चाचणी निर्दोष ठरवली गेली होती, २०१४ मध्ये तिला कर्करोग निघाला, जुन्या चाचणीतली चूक फेरतपासणीत सापडली, आणि तिला ते कळलं २०१७ मध्ये. तिच्यासारख्या दोनशेहून अधिक स्त्रिया निघाल्या. कोणतीही चाळणी चाचणी काही रुग्ण निसटू देते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊकच होतं. लोकांचा राग होता तो लपवल्याचा. 'शंभर टक्के खात्री' देणारं आरोग्यशिक्षण अशा एका घटनेत वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास घालवतं. व्हिकी फेलन २०२२ मध्ये वारल्या. तोवर त्या बोलत राहिल्या.

केवळ शिक्षण किती पुरतं, याचा पुरावा मुंबईतल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो केला. एका गटाला कर्करोगाबद्दल एकदाच माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहिती दिली आणि ॲसेटिक आम्ल लावून तपासणीही केली, दोन-दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया. तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या गटाला तपासणी न देण्यावर नंतर नैतिक वाद झाला, आणि तो वाद रास्त होता. पण अभ्यासाने जे दाखवलं ते विसरता येणार नाही. एकदा सांगून सोडून दिलेल्या बायका आणि सांगून, तपासून, पुन्हा येऊन विचारलेल्या बायका यांच्यातलं अंतर मृत्यूंच्या आकड्यात मोजता येतं. आणि ते अंतर दहावी शिकलेल्या स्त्रिया कापू शकतात. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००९ साली आले, एचपीव्हीची एकच चाचणी मिळालेल्या गटातले मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते.

म्हणून माझा आग्रह मोजमापाबद्दल आहे. किती शिबिरं झाली, किती पत्रकं वाटली, किती जणी व्याख्यानाला बसल्या, हे आकडे अहवालात छान दिसतात आणि काहीच सांगत नाहीत. ऐकलेल्यांपैकी किती जणींची तपासणी झाली, किती जणींच्या हातात अहवाल पडला, दोष निघालेल्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले, हे मोजावं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलेलं २०३० सालचं उद्दिष्टही असंच आहे : ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत चांगल्या दर्जाची तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. यातला शेवटचा आकडा सर्वांत जास्त विसरला जातो. तपासणी झाली, अहवाल आलाच नाही. आला तर वाचून दाखवणारं कुणी नाही. वाचला तर मोठ्या रुग्णालयात जा म्हणून चिठ्ठी, आणि तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून. अशी एक बाई शेजारच्या दहा जणींना सांगते की जाऊ नका, काही उपयोग नाही. तिच्या या सांगण्यासमोर कोणतंही पत्रक टिकत नाही. दोष दिसला तर त्याच भेटीत किंवा ठरलेल्या दिवशी जवळच उपचार, ही सोय जिथे आहे तिथे तीच बाई दहा जणींना घेऊन येते. पूर्वावस्थेवरचे उष्णतेचे किंवा गोठवण्याचे उपचार काही मिनिटांचे असतात, त्यांना बहुधा भूलही लागत नाही आणि उपकरण लहान केंद्रातही ठेवता येतं.

जगात २०२२ मध्ये सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास दगावल्या. बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. यातल्या किती जणींना कुणी तरी कधी तरी "तपासणी करून घ्या" म्हटलं असेल! पण कुठे, कोणत्या दिवशी, कुणाकडे आणि निकाल कधी, हे किती जणींना सांगितलं असेल? जी आरोग्यसेविका, शिक्षिका किंवा डॉक्टर हा विषय पुढच्या वेळी काढेल तिने ही चार उत्तरं आधी मिळवावीत, मगच बोलायला उभं राहावं. आणि तपासणी निर्दोष निघालेल्या स्त्रीला अहवाल देताना पुढच्या तपासणीचं साल त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, तिला वाचून दाखवून, मगच कागद तिच्या हातात द्यावा.